तलाव बघा, पण कामाची जागा म्हणून: अमेरिकी विद्यापीठांत मुलांना पोहायला पाठवणाऱ्या पालकांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलामुलींना जलतरणासाठी पाठवू पाहणारे पालक आणि त्यांचे प्रशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा संपली की जलतरणपटूंच्या घरांत काही नावे घोळू लागतात. टेक्सस, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, इंडियाना. मग त्यांच्या तलावांचे व्हिडिओ पाहिले जातात: निळेशार पाणी, ओळीने वीस लेन, भिंतीवर ऑलिंपिकपटूंची नावे. तुमच्या मुलाची चार वर्षे ज्या गोष्टींवर अवलंबून असतात, त्यातल्या बहुतेक त्या व्हिडिओत दिसत नाहीत. त्या कोणत्या आणि कशा तपासायच्या, हे तपशिलाने सांगावे म्हणून हे पत्र.

तलाव नवा म्हणून संघ वेगवान, असा हिशेब तिथे जुळत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मुलींनी २०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागाचे सांघिक विजेतेपद मिळवले. त्यांचा तलाव १९९६ साली उघडलेल्या इमारतीत आहे आणि ती इमारत विद्यापीठातल्या सगळ्याच विद्यार्थ्यांच्या व्यायामाची जागा आहे. टेक्ससचा ऑस्टिन शहरातला ली अँड जो जमेल तलाव १९७७ सालचा. कोच एडी रीस १९७८ मध्ये टेक्ससला आले आणि २०२४ पर्यंत त्यांच्या हाताखाली पुरुष संघाने १५ विजेतेपदे जिंकली. उलट उदाहरण आयोवाचे. तिथला देखणा तलाव २०१० मध्ये उघडला, २०१५ ची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा त्याच पाण्यात झाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाने पुरुषांचा जलतरण संघच बंद करत असल्याचे जाहीर केले. मिशिगन स्टेटने त्याच वर्षी मुले आणि मुली दोघांचेही संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणून तलावाच्या खोलीआधी संघाचे पोट कशावर चालते ते विचारा. खेळासाठी माजी विद्यार्थ्यांनी उभारलेली स्वतंत्र ठेव आहे, की सगळा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नातून येतो? हा प्रश्न उद्धट नाही. तिथले चांगले कोच त्याचे सरळ उत्तर देतात.

कोचच्या कराराची मुदतही विचारा. ॲरिझोना स्टेटने २०२४ मध्ये पुरुषांचे पहिलेवहिले विजेतेपद पटकावले आणि काही दिवसांतच त्यांचे मुख्य कोच बॉब बोमन टेक्ससला गेल्याची बातमी आली. त्यांच्या जलतरणपटूंपैकी लिऑन मार्शांने व्यावसायिक होऊन त्यांच्यामागे ऑस्टिन गाठले, ह्यूबर्ट कोशही तिकडे गेला आणि २०२५ चे विजेतेपद टेक्ससने घेतले. ॲरिझोना स्टेटचा टेम्पीतला तलाव जागच्या जागीच होता. मुलाला रोज प्रत्यक्ष कोण शिकवणार, हा याच्याच जोडीचा प्रश्न. साठ जणांच्या संघात मुख्य कोच एखादाच गट हाताळतो. स्प्रिंट, लांब पल्ला, स्ट्रोक असे बाकीचे गट सहायकांकडे असतात. मोठ्या ठिकाणी त्याच वेळी व्यावसायिक जलतरणपटूही सराव करतात. त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये पोहायला मिळणे मोलाचे आहेच, पण कोचचे लक्ष त्यांच्यातही वाटले जाते. मुलाचा गट कोणता, त्या गटाचा कोच कोण आणि तो तिथे किती वर्षे आहे, ही तीन उत्तरे लिहून घ्या.

आता यार्ड. यावर थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडचे बरेच गैरसमज इथेच होतात. एनसीएएचा हंगाम, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते मार्च, २५ यार्डांच्या तलावात चालतो. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. १०० यार्डांत एक स्टार्ट आणि तीन टर्न येतात. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक भिंतीनंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते. हिशेब करा: ९१.४४ मीटरपैकी ६० मीटर, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश शर्यत पाण्याखाली होऊ शकते. ५० मीटरच्या तलावात १०० मीटरला हेच प्रमाण ३० टक्के. ज्या मुलाचा स्ट्रोक उत्तम पण भिंतीनंतरची डॉल्फिन किक दोन-तीन ठोक्यांत संपते, तो लाँग कोर्समध्ये, म्हणजे ५० मीटरच्या तलावात, राज्य अजिंक्यपद जिंकेल आणि यार्डांत मागे पडेल. मीटरचे यार्डांत रूपांतर करणारे तक्ते म्हणूनच अंदाजापुरते धरावेत; अनुभवी कोच त्या आकड्यापेक्षा १५ मीटरची खूण गाठायला लागलेला वेळ आधी पाहतो. अकरावी-बारावीची दोन वर्षे हातात असतील तर आठवड्यातले दोन सेट फक्त पाण्याखालच्या किकला द्या. १५ मीटरपर्यंत किक मारून पुढे सैल पोहायचे, असे २० वेळा, दर खेपेला घड्याळ लावून. श्वास रोखण्याच्या स्पर्धा मात्र लावू नका. पाण्याखाली शुद्ध हरपण्याचा धोका खरा आहे, आणि अशा सेटच्या वेळी काठावर नजर ठेवणारा माणूस हवाच.

दुसरी बाजूही ध्यानात घ्या. राष्ट्रीय स्पर्धा, आशियाई स्पर्धा, ऑलिंपिक पात्रता हे सगळे ५० मीटरमध्ये होते. तेव्हा हंगामात आठवड्याला किती सत्रे लाँग कोर्समध्ये होतात, हे स्पष्ट विचारा. बरेच तलाव ५० मीटर लांब आणि २५ यार्ड रुंद असतात. लेनच्या दोऱ्या आडव्या लावल्या की यार्ड, उभ्या लावल्या की मीटर. पण दोऱ्या बदलायला माणसे आणि वेळ लागतो. तलावाच्या मध्ये सरकती भिंत असेल तर तीही हलवावी लागते. त्यामुळे काही ठिकाणी सप्टेंबरमध्ये लावलेल्या आडव्या दोऱ्या मार्चपर्यंत तशाच राहतात. काही ठिकाणी शनिवारची सकाळ ठरवून लाँग कोर्सला दिलेली असते. भारतासाठी पोहू पाहणाऱ्या मुलाला हा फरक चार वर्षांत फार मोठा पडतो. आणखी एक: एनसीएएच्या कार्यक्रमात ५० फक्त फ्रीस्टाइलचे आहे. बॅक, ब्रेस्ट आणि फ्लाय १०० आणि २०० यार्डांचेच. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य मिळवले. ती शर्यतच तिथे नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५० च्या स्ट्रोक शर्यती आल्या आहेत हे खरे, पण विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायला त्या मुलाला १०० पर्यंत टिकावे लागेल.

तलावाची खोली विचाराल तर एकच आकडा घेऊन परत येऊ नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी तीन मीटर खोलीची शिफारस आहे. पॅरिस ऑलिंपिकचा तलाव २.१५ मीटरचा होता आणि त्यावरून बरीच चर्चा झाली, कारण उथळ तलावात तळावर आपटलेली लाट पोहणाऱ्याच्याच अंगावर परत येते. सरावाच्या तलावात मात्र खरा मुद्दा वेगळा: खोली सगळीकडे सारखी आहे का? ५० मीटरच्या जुन्या तलावांत एक टोक खोल आणि दुसरे उथळ असते. दोऱ्या आडव्या लावल्या की काही लेन पूर्ण खोल पाण्यात आणि काही पूर्ण उथळ पाण्यात पडतात. उथळ लेनमध्ये ब्लॉकवरून उडी मारता येत नाही. स्टार्टसाठी भिंतीपाशी निदान १.३५ मीटर पाणी लागते. पाण्याखालची किकही तिथे तळाला खेटूनच मारावी लागते. मग साहजिकच स्प्रिंटर खोल लेनमध्ये आणि लांब पल्ल्याची मुले उथळ लेनमध्ये जातात. तुमचा मुलगा कुठल्या लेनमध्ये असेल?

ब्लॉकला मागच्या पायासाठी सरकती तिरकी पट्टी आहे का आणि बॅकस्ट्रोकच्या स्टार्टसाठी पाय टेकवायची फळी सरावाला रोज मिळते का, हेही पाहा. बॅकस्ट्रोकच्या झेंड्यांची गंमत अनेकांना माहीत नसते: मीटरच्या तलावात ते भिंतीपासून पाच मीटरवर, यार्डांच्या तलावात १५ फुटांवर, म्हणजे सुमारे ४.५७ मीटरवर. पोहोचल्यावरच्या पहिल्या आठवड्यात बॅकस्ट्रोकवाल्या मुलांचे ठोके चुकतात आणि डोके भिंतीला लागते. हे आधीच सांगून ठेवा.

लेनचा हिशेब तुम्ही घरबसल्या करू शकता. ५० मीटर लांब आणि २५ यार्ड रुंद तलावात अडीच मीटर रुंदीच्या आडव्या २० किंवा उभ्या ९ लेन बसतात. आडव्या लेनची एकूण लांबी ४५७ मीटर, उभ्या लेनची ४५०. म्हणजे वीस लेन ऐकून हुरळू नका, पाणी तेवढेच आहे. आडव्या मांडणीचा खरा फायदा असा की चार-पाच गट एकाच वेळी वेगवेगळे सेट करू शकतात. आता माणसे मोजा. खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना पुरुष आणि महिला संघांसाठी प्रत्येकी ३० जणांची मर्यादा आली. एसईसी परिषदेने (परिषद म्हणजे आपसात स्पर्धा करणाऱ्या विद्यापीठांचा गट) पुरुषांसाठी ती २२ वर आणली. ६० जण एकदम पाण्यात उतरले तर लेनमागे तीन. हे उत्तम. पण त्याच वेळी सहा लेन बाहेरच्या क्लबला भाड्याने आणि चार लेन इतर विद्यार्थ्यांना दिल्या असतील तर लेनमागे सहा होतात. गोल फिरून पोहताना २५ यार्डांची एक फेरी, म्हणजे ५० यार्ड, मध्यम गतीने ३० सेकंदांत होते. पाच-पाच सेकंदांच्या अंतराने सोडले तर सहाव्या मुलाबरोबर लेन भरली. पुढच्याच्या पायांवर मागच्याचे हात. अशा लेनमध्ये पल्ल्याचे काम कसेबसे होते, वेगाचे होत नाही. लेनमागे चारच्या पुढे आकडा गेला की खोलात शिरा. प्रश्न असा विचारा: "मंगळवारी सकाळी सहा वाजता पाण्यात एकूण किती जण असतात आणि संघाकडे किती लेन असतात?" एकूण लेन किती, हे विचारून उपयोग नाही.

हवेबद्दल पालक जवळजवळ कधीच विचारत नाहीत, आणि आमच्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आपली बरीच मुले उघड्या तलावांत वाढतात. तिकडे थंड प्रदेशांत सगळा सराव बंद छताखाली होतो. क्लोरीनचा म्हणून जो वास नाकाला झोंबतो, तो क्लोरीन घाम आणि लघवीतल्या घटकांशी मिळून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. त्यातला ट्रायक्लोरामाइन हा वायू हवेपेक्षा जड. तो पाण्यावर वीतभर उंचीच्या थरात साचतो आणि पोहणारा नेमकी तीच हवा ओढून घेतो. काठावरच्या माणसाला काही जाणवत नसताना लेनमधली मुले खोकत असतात. छतालगतच्या झडपांनी तो वायू ओढला जात नाही. पाण्याच्या पातळीला, गटरजवळ किंवा काठालगत, हवा खेचणारी व्यवस्था लागते. बिघडते कुठे, तर हिवाळ्यात. बाहेरची गोठलेली हवा आत घेऊन तापवणे खर्चाचे, म्हणून ताज्या हवेच्या झडपा अर्ध्या बंद ठेवल्या जातात, तीच हवा फिरत राहते आणि जानेवारीच्या भर सरावात खोकला वाढतो.

विचारायचे आकडे असे. संयुक्त क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनमध्ये अडकलेले क्लोरीन, ०.४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.४ भाग) खाली राहते का? पीएच ७.२ ते ७.८ मध्ये असतो का? पाणी अतिनील दिव्यांतून फिरवले जाते का? त्या दिव्यांनी क्लोरामाइन मोडतात. हवेचे तापमान पाण्यापेक्षा एक-दोन अंश जास्त आणि आर्द्रता ५० ते ६० टक्के असावी. खिडक्यांवरून पाणी ओघळत असेल, छताच्या लोखंडाला गंज चढला असेल, तर पुढचे प्रश्न न विचारताही उत्तर मिळाले. वास घ्यायची योग्य वेळ सराव सुरू होतानाची नाही, संपतानाची. आणि उभे राहून नव्हे, काठावर बसून, वाकून. मुलाला दमा असेल तर या एका कारणासाठी विद्यापीठ बदलावे, इतके आम्ही हे गंभीर मानतो.

उघड्या तलावांचे प्रश्न निराळे. स्टॅनफर्डचे एव्हरी संकुल, बर्कलेचे तलाव, टेम्पीचा तलाव उघड्यावर आहेत आणि तिथली हवा मोकळी. फ्लोरिडात मात्र वादळी पावसाचे दिवस बरेच. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही, असा शिरस्ता असतो. म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाच्या गेन्सव्हिलसारख्या ठिकाणी बंद आणि उघडा असे दोन्ही तलाव असणे ही चैन नाही, गरज आहे. पाण्याच्या तापमानाचा आकडाही घ्या. स्पर्धेसाठी २५ ते २८ अंश सेल्सिअस, कठीण सरावाला २६-२७ बरे. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या तलावांत लहान मुले आणि ज्येष्ठांच्या सोयीसाठी ते २९ च्या आसपास नेले जाते. त्या पाण्यात लांब सेटच्या शेवटी मुले लाल होतात, गती पडते आणि कोचला वाटते की मूल आळशी आहे.

उपकरणांवर फार वेळ घालवू नये. उंच चौकट, कप्पी, दोरी आणि पाण्याने भरलेली बादली. दोरीचे दुसरे टोक कमरेच्या पट्ट्याला. इतक्या साध्या साधनावर तिथले स्प्रिंटर ताकद कमावतात आणि आपल्याकडचा चांगला फॅब्रिकेटर ते बनवून देईल. पाण्याखालचे कॅमेरे आता बहुतेक ठिकाणी आहेत. ते चित्रण पाहून कोच मुलाशी आठवड्यातून किती वेळा बोलतो, ते विचारा. व्हर्जिनियात रामानुजन यांच्या गणितावर काम केलेले गणिती केन ओनो जलतरणपटूंच्या अंगावर संवेदक लावून प्रत्येक ठोक्याचा हिशेब मांडत असत. पुढे पॅरिसमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्ण मिळवणारी केट डग्लस विद्यार्थिनी असताना त्या कामात त्यांच्याबरोबर होती. यंत्र विकत मिळते. त्यातला आकडा वाचून हाताचा कोन बदलायला लावणारा माणूस मिळणे अवघड.

सरावाच्या वेळेवर नियमाचे बंधन आहे: हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला चार, आणि एक दिवस सुट्टी. दोन तासांची आठ सत्रे आणि तासाभराचे तीन दिवस वजनांचे, झाले १९. आपल्याकडे आठवड्याला दहा-अकरा सत्रे पोहणाऱ्या मुलाला हे कमी वाटेल. लांब पल्ल्याच्या मुलांनी तर आपली आत्ताची आठवड्याची किलोमीटर आणि तिथल्या गटाची किलोमीटर शेजारी शेजारी लिहून पाहावीत. प्रवासही मोजा. स्टॅनफर्ड आणि बर्कले २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी परिषदेत आहेत, म्हणजे परिषदेच्या स्पर्धेसाठी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणे आणि परत येऊन परीक्षा.

जागा मिळेल का, हे रिलेवरून ओळखा. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक पहिल्याला २० गुण, रिलेच्या पहिल्याला ४०, आणि रिले पाच. त्यामुळे १०० फ्रीस्टाइल चांगले पोहणारा कुठल्याही स्ट्रोकचा मुलगा कोचला हवा असतो. फक्त १६५० यार्डांची सर्वांत लांब शर्यत पोहणाऱ्याला रिलेत स्थान नाही. त्याची वैयक्तिक वेळ तितकीच भक्कम लागते. ज्या परिषदेत जायचे तिच्या गेल्या वर्षीच्या निकालात सोळाव्या क्रमांकाची वेळ काढा. मुलाची वेळ तिच्या जवळ असेल तर शिष्यवृत्तीची भाषा करता येते. ती बहुधा अंशतः असते. टक्के नकोत, डॉलरमध्ये, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाल्यास काय, हे लेखी घ्या. शिष्यवृत्तीच्या रकमेवर कमिशन घेणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहा. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल यांसारखी विद्यापीठे) आणि एनसीएएचा तिसरा विभाग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण घरच्या गरजेनुसार मदत देतात. तिसऱ्या विभागाला कमी लेखू नका: ओहायोतल्या केन्यन या छोट्या कॉलेजच्या मुलांनी १९८० ते २०१० अशी सलग ३१ विजेतेपदे मिळवली आणि २०११ मध्ये त्याच राज्यातल्या डेनिसनने त्यांना एका गुणाने हरवले.

अभ्यासाचे थोडक्यात. पहिल्या विभागासाठी १६ कोअर, म्हणजे एनसीएएने मान्य केलेले मुख्य शालेय, विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ ची सरासरी लागते. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे आणि भाषा त्यात मोडतात. अकरावीला शाखा निवडण्याआधीच कोणते विषय धरले जातील ते एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे तपासा, बारावीनंतर नाही. बारावीनंतर एखादे वर्ष थांबायचा विचार असेल तर त्याचा पात्रतेवर काय परिणाम होतो, तेही आधी विचारा.

दहावीनंतरच्या १५ जूनपासून पहिल्या विभागाचे कोच मुलांशी थेट बोलू शकतात. पत्र मुलाने लिहावे, पालकांनी नाही. चार ओळी पुरेत: मुख्य तीन शर्यती आणि त्यांच्या लाँग कोर्स वेळा, तारीख-स्पर्धेसह, गेल्या तीन वर्षांत त्या वेळा कशा उतरत आल्या, शाळेचे गुण, आणि दोन छोटे व्हिडिओ. एक काठावरून, आडवा, पूर्ण ५० मीटरचा. दुसरा पाण्याखालचा, टर्नपासून १५ मीटरपर्यंत. संगीत, संथ चित्रण, पदकांचे फोटो यांची गरज नाही.

प्रत्यक्ष भेट जमली नाही तर संघातल्या एखाद्या मुलाला सकाळच्या सत्रात फोन हातात धरून काठावरून चालायला सांगा, लॉकर रूमपासून शेवटच्या लेनपर्यंत, न थांबता. त्यानंतर तिसऱ्या वर्षाच्या अशा मुलाशी बोला ज्याला परिषदेच्या स्पर्धेत अजून एकही गुण मिळालेला नाही. त्याला विचारा की कोच त्याच्याशी शेवटचे कधी बोलले आणि काय बोलले. तुमच्या मुलानेच विचारावे, तुम्ही खोलीत नसताना.

कळावे.

आपले,
जलतरण प्रशिक्षण आणि तलावांच्या देखभालीत काम करणारे काही सहकारी